यंदा येणे नाही

राजेश्वरीकडं कुणी वेबसाइट करून घ्यायला आलं, की रंग, फोटो, नावाची अक्षरं असल्या गोष्टींना ती नंतर हात घालायची. पहिला सवाल ठरलेला असायचा, "कुलूप कुठलं बसवायचं?" समोरचा माणूस गडबडायचा. तो बिचारा आपल्या द्राक्षांचे फोटो जगाला दाखवायला आलेला, आणि ही बाई कडीकोयंड्याची चौकशी करते म्हणजे काय! पण राजेश्वरीचं म्हणणं साफ होतं. गवंडी आधी चौकट उभी करतो, तोरण मागनं लागतं.

पाच वर्षं पुण्यातल्या कंपनीत दुसऱ्यांच्या साइटी राखून ती विट्याला परत आली होती. बसस्टँडजवळ बॅटरीच्या दुकानावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर एवढा तिचा संसार. पलूसपासून पार मलकापूरपर्यंत गिऱ्हाइकं. आणि तोंडाची फटकळ. एकदा पलूसचा एक बागायतदार ट्रॅक्टर खाली लावून वर आला आणि म्हणाला, "मॅडम, माझा पासवर्ड लय अवघड हाय, कुणाच्या बापाला कळायचा न्हाई." राजेश्वरीनं खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "ऋषिराज, दोन हजार चौदा." माणूस खुर्चीतून उडालाच. "आवं, तुमाला कसं कळलं?" तशी ती म्हणाली, "तुमच्या ट्रॉलीच्या फळीवर रंगवलंय की! पोराचं नाव, आणि त्याच्या खाली साल." जिल्ह्यातल्या निम्म्या ट्रॉल्या आपापले पासवर्ड मिरवत ऊस वाहतात, असं ती पुढं सगळ्यांना हसून सांगायची.

तिनं बांधलेली एकही साइट आजवर कुणाला फोडता आली नव्हती, आणि हे ती कुणी न विचारताही ऐकवायची. गर्व म्हणा हवं तर. हात चालतो त्याचं तोंडही थोडं चालणारच. खोड म्हणाल तर एकच. झाकलेलं काही दिसलं की उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. लहानपणी आलेल्या पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा तिनं कधी सोडल्या नव्हत्या. आई म्हणायची, ह्या पोरीम्होरं गाठोडं ठेवायची सोय न्हाई.

तिचं गाव खैरमाळ, विट्यापासून अर्ध्या तासावर. गाव गलाईवाल्यांचं. जुनं सोनं आटवायचं, मुशीत घालून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा घेऊन इथली माणसं कुठं कुठं गेली! कुणी सेलमला, कुणी कानपूरला, कुणी गुंटूरला. परक्या मुलखात परकी भाषा बोलून लोकांचं सोनं सांभाळायचं आणि वर्षातून एकदा, चैत्रात, भैरोबाच्या यात्रेला झाडून सगळ्यांनी गावी यायचं. यायचं म्हणजे यायचंच. कारण पालखी उचलायच्या आधी देवळाच्या पायरीवरनं नावांचा पुकारा होतो. "अमका, मुक्काम सेलम!" असं नाव घेतलं की गर्दीतून त्या माणसानं ओरडायचं, "आलो, देवा!" आणि आवाज आला नाही, तर त्याची आई मान खाली घालून बसते. ही रीत कुणाच्या पणजोबाच्या काळापासूनची.

पूर्वी येणाऱ्यांची पत्रं यायची. आता यात्रेची वेबसाइट होती आणि ती राजेश्वरीनंच बांधली होती. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आकाराम आण्णा, चाळीस वर्षं सेलमला दुकान चालवून गावी परतलेले. आवाज असा की माळावर बोलले तर ओढ्यापलीकडं ऐकू जावं. त्यांनीच यादी कशी पाहिजे ते सांगितलं होतं. "नाव पायजे, गाव पायजे, दुकानाचा पत्ता पायजे, फोन पायजे. कवा निघणार, कवा परत जाणार, एकटा का सहकुटुंब, समदं दिसू दे. आपली पोरं कुठं कुठं पोचली हायत ते जगाला कळू दे की!" राजेश्वरीनं तसं करून दिलं. प्रत्येकाचं एक पान, पानावर दुकानाच्या पाटीखाली उभा राहून काढलेला फोटो. गावातल्या आया फोनवर आपल्या लेकाचं पान उघडून शेजारणीला दाखवायच्या. यंदा त्रेसष्ट नावं आली होती.

त्यात एक नाव नवं होतं. वीरधवल, मुक्काम गुंटूर. राजेश्वरीचा धाकटा भाऊ. दहा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढं घाम गाळून त्यानं या दिवाळीला स्वतःचं दुकान टाकलं होतं. म्हणजे यंदा पहिल्यांदाच पुकाऱ्यात त्याचं नाव स्वतःच्या दुकानासकट निघणार होतं. त्यांची आई राहीबाई रोज ते पान उघडून बघायची आणि फोनची काच पदरानं पुसायची.

यात्रेला दहा दिवस राहिले असताना, एका सोमवारी सकाळी, राजेश्वरी नेहमीप्रमाणे सगळ्या साइटींच्या नोंदी बघत बसली. कोण आलं, कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबलं, याची सर्व्हरवर ओळीनं नोंद असते. कुणी कुलूप खटखटवलं का, तेवढं ती बघायची. खैरमाळच्या साइटला कुणी खटखटवलं नव्हतं. सगळं कसं झकास होतं. ती पुढं जाणारच होती, तेवढ्यात एका पाहुण्यावर तिची नजर अडकली.

हा पाहुणा रोज दुपारी दोनच्या सुमाराला यायचा. फोन गुंटूरकडचा. गेले बारा दिवस त्यानं न चुकता यादी उघडली होती, आणि यादीतून गुंटूरची चार पानं. त्यातलं वीरधवलचं पान अकरा वेळा. बाकी कशाला हात नाही. गेल्या वर्षीच्या पालखीचा व्हिडिओ नाही, देवाचा फोटो नाही, कुस्त्यांचा निकाल नाही. खैरमाळचा माणूस असता तर आधी पालखीचा व्हिडिओ दोनदा बघितला असता. ह्याला देव नको होता, यात्रा नको होती. ह्याला फक्त तारखा पाहिजे होत्या.

राजेश्वरीनं वीरधवलचं पान एखाद्या परक्यासारखं वाचून बघितलं. दुकानाचा पत्ता. पाटीचा फोटो. निघणार बुधवारी, परत येणार पुढच्या सोमवारी, सहकुटुंब. अगं बाई! कुलपं बसवायला ही बाई एक नंबर, आणि आत त्रेसष्ट दुकानं कुठल्या दिवशी ओस पडणार याचा फलक स्वतःच्या हातानं रंगवून ठेवलेला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या दुसरं काय असतात? दिव्याखाली अंधार होता आणि दिवा तिनंच लावला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं टेबलावर मूठ आपटली आणि मग बोटं चोळत बसली.

तिनं पहिल्यांदा यादीचं पानच बंद करून टाकलं आणि भावाला फोन लावला.

"वीरू, यात्रेला दुकानात काय ऱ्हातं रं?"

"जमंल तेवढं बँकेच्या लॉकरात टाकतो, आक्का. पर शेवटच्या दिवशी आलेलं, मुशीतलं, अर्धं झालेलं काम दुकानातच ऱ्हातंय. समद्यांचंच ऱ्हातं. का गं?"

तिनं सांगितलं.

"ते सोनं माझं न्हाई, आक्का," वीरधवल म्हणाला. "लोकांचं हाय. एक तोळा जरी गेला, तर ह्या गल्लीत मला पुन्यांदा कोण उभं करून घेणार न्हाई. मी येत न्हाई यात्रेला."

"आन् पुकारा?"

"तेच तर. आई मान खाली घालून बसंल."

"थांब जरा. येत न्हाई म्हणू नगंस. मी बघती," राजेश्वरी म्हणाली. आवाज घट्ट होता, पण बघते म्हणजे काय बघते, हे तिचं तिलाही अजून ठाऊक नव्हतं.

तासाभरात आकाराम आण्णांचा फोन. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी सगळं ऐकू येत होतं. "राजे! यादी कुठं गेली? कानपुरास्नं फोन, जोधपुरास्नं फोन, समदी इचारत्यात, आमची नावं कुणी खाल्ली? आत्ताच्या आत्ता देवळाकडं ये!"

देऊळ माळावर, गावापासून दीड कोसावर. ती स्कूटीवरून पोचली तेव्हा आण्णा चुना लावणाऱ्या गड्यांवर ओरडत होते. तिला बघितल्यावर तोफेचं तोंड इकडं फिरलं. राजेश्वरीनं त्यांना पायरीवर बसवलं, लॅपटॉप उघडला आणि नोंदी ओळीनं वाचून दाखवल्या. आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोलिसांत जाऊ," ते म्हणाले.

"येता येताच अर्ज दिऊन आली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, तिकडं बी कळवतो म्हणाले. पर आण्णा, वेबसाइट बघणं हा काय गुन्हा न्हाई. आपुनच दाखवायला ठेवलीया."

"मग बंद केलीस ते ब्येस झालं."

"बैल गेला आन् झोपा केला, आण्णा. बारा दिस वाचून झाल्यात. त्याच्याकडं समदं लिहून असंल. उलट एकाएकी यादी गायब झाली म्हंजी त्याला कळलं की आमाला कळलंय. मग तो दुसरी वाट धरंल, आन् ती मला दिसायची न्हाई."

आण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजी ठेवली तरी वाट, काढली तरी वाट! मग करायचं काय?"

तेवढ्यात माळावरच्या पायवाटेनं हरणाबाई आली. सत्तरीची बाई, पायात जाड वहाणा, डोक्यावर बुट्टी आणि बुट्टीवर घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. गुरवानं बुट्टी उतरवून घेतली, गाभाऱ्यात नेली आणि दार आतून लावून घेतलं. म्हातारी पायरीवर टेकली. चैत्र लागला की ही बाई रोज अशी येते, यात्रा होऊन पुनवेपर्यंत. त्या घराचा मानच आहे तो. देवाचे दागिने वर्षभर गावात थोरल्या घरी असतात आणि यात्रेआधी कुठल्यातरी एका दिवशी ह्याच बुट्टीतून देवळात येतात. लहानपणापासून बघितलेली गोष्ट. राजेश्वरीनं त्यावर कधी विचार केला नव्हता. पण खोड कुठं जाते? तिनं विचारलंच.

"आज्जी, आज काय हाय बुट्टीत?"

"निवद आसंल, आन् काय."

"दागिनं आलं का देवळात?"

"आलं असतील. न्हाईतर येतील."

"म्हंजी? तुमाला ठाऊक न्हाई?"

म्हातारी हसली. "मला काय ठाऊक? थोरल्या घरची सून बुट्टी भरती, वर फडकं बांधती. मी डोक्यावर घेती. हितं गुरव दार लावून रिकामी करतो. रोज तळाला धोंडा आसतो. दागिनं आसतील त्या दिशी धोंडा नसतो. वजन सारखंच. बेचाळीस वरसं झाली, मला एकडाव बी कळलं न्हाई."

"आन् कवा फडकं उचलून बघावंसं वाटलं न्हाई?"

"बघितलं तर त्या दिशी पाय येगळं पडतील, बाई. वाटंवर बसणारा त्वांड बघत न्हाई, पाय बघतो," हरणाबाई म्हणाली आणि पायातला काटा काढायला वाकली.

राजेश्वरी तिच्याकडं बघतच राहिली. पुण्यात एसी खोलीत बसून जे शिकवायला लोक कोट घालून यायचे, ते ही बाई बेचाळीस वर्षं डोक्यावरून नेत होती.

ती आण्णांकडं वळली. "आण्णा, देवाचं दागिनं कवा निघणार, ह्याचा बोर्ड लावता का चौकात?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग पोरांच्या तिजोऱ्यांचा का लावला?"

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुमी सांगितलं, मी लावला," राजेश्वरी म्हणाली. "चूक माझी हाय. मला कळायला पायजे हुतं, आन् कळलं न्हाई. आता मी सांगती तसं करा. यादी परत सुरू करायची. पर बुट्टीत धोंडा घालायचा. रोज सात-आठ नावांम्होरं लिहायचं, यंदा येणे नाही. एकदम न्हाई, हळूहळू, कुणाला वास येणार न्हाई असं. दुकानात एक माणूस बसवायचा, शटर वर ठेवायचं. आन् पोरांनी यायचं ते थेट पुकाऱ्याच्या सकाळी, हितं माळावर. गावात पाय ठेवायचा न्हाई."

"समद्यांनी? चोर तर गुंटूरचा."

"चोर एकच हाय, असं कुणी सांगितलंय?"

आण्णांना ते पटलं. मग म्हणाले, "घरच्यास्नी तरी सांगायचं ना? आयास्नी?"

राजेश्वरीनं मनात हिशेब केला. त्रेसष्ट आया. एकीला सांगितलं की ती बहिणीला फोन करणार, बहीण जावेला, आणि संध्याकाळपर्यंत गुंटूरला. तिनं हरणाबाईच्या पायांकडं बघितलं. "न्हाई, आण्णा. ठाऊक झालं की पाय येगळं पडत्यात."

म्हातारा उठला, देवापुढं जाऊन उभा राहिला, परत आला. चाळीस वर्षं ज्या माणसानं एक यात्रा चुकवली नाही, त्याच्या गावाच्या नावापुढं जग वाचणार होतं, येणे नाही, येणे नाही, येणे नाही. तरी आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला. "पयलं नाव माझ्या पृथ्वीराजचं टाक. पुकारा करणाराचं पोरगं पयलं. आन् फोन मी करतो समद्यास्नी, एकेकाला. गुरुपबिरुपवर न्हाई."

आण्णांनी शब्द पाळला. दोन दिवस कमिटीच्या खोलीचं दार लावून त्रेसष्ट फोन केले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस हळू आवाजात बोलत होता, आणि त्यामुळं त्याचा घसा बसला.

इकडं यादी पालटत गेली. पृथ्वीराज, यंदा येणे नाही. दुसऱ्या दिवशी सेलमची तिघं, कानपूरचा एक. तिसऱ्या दिवशी आणखी आठ. गावात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या गावच्या लोकांना तर चेव आला. विट्याच्या बाजारात आण्णांना कुणीतरी विचारलं, "काय गड्या आकाराम, यंदा पालखीला खांदं भाड्यानं आणायचं का?" एरवी आण्णांनी त्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्यांनी नुसती भेंडी घेतली आणि पिशवीत टाकली.

चौथ्या दिवशी राजेश्वरीनं वीरधवलचं पान बदललं. कीबोर्डवर सहा अक्षरं मारायला तिला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

संध्याकाळी घरी आली तर आई ओसरीवर, फोन मांडीवर उपडा. पुरणाच्या डाळीचं गाठोडं सकाळपासून तसंच पडलं होतं.

"बघितलंस का?" राहीबाई म्हणाली. "वीरू येत न्हाई. मी फोन लावला तर म्हणतो, काम लय हाय, आई. काम! देवापरीस काम मोठं झालं व्हय गं? पयल्याच वरसाला?"

राजेश्वरीच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य, बस. आईच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं असतं. तिनं ताट वाढून घेतलं. "असंल काम," म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला. आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्ध्या भाकरीवर उठली. राजेश्वरीनं आजवर कितीतरी लोकांना ऐटीत सांगितलं होतं, गुपित सांभाळणं सोपं असतं, पासवर्ड लांब ठेवा म्हणजे झालं. किती सोपं असतं ते आता तिला रोज दोन वेळा ताटासमोर कळत होतं.

रोज दुपारी दोनला मात्र ती खुर्चीत ताठ बसायची. पाहुणा यायचा. पाचव्या दिवशी आला, वीरधवलचं पान उघडलं, परत उघडलं, तिसऱ्यांदा उघडलं. मग गुंटूरची बाकीची तीन पानं. त्यांच्यापुढंही तेच, यंदा येणे नाही. सहाव्या दिवशी आला आणि लगेच गेला. सातव्या दिवशी आलाच नाही. "या की, पाव्हणं," राजेश्वरी पडद्याकडं बघून म्हणाली, "धोंडा जड लागला व्हय?" पण हसू काही खोलवरून आलं नाही. पाहुणा थकला, का त्याचं ठरलं, हे नोंदीत लिहिलेलं नसतं.

यात्रेचा दिवस उजाडला. माळावर पाळणे, खेळण्यांची दुकानं, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, सगळं होतं. पण गर्दीत बाप्ये कमी आणि बायका जास्त. आया देवळासमोर ओळीनं बसल्या होत्या, आणि एकजात सगळ्यांच्या माना आधीच खाली. राहीबाई तर यायलाच तयार नव्हती. राजेश्वरीनं तिला अक्षरशः हाताला धरून आणलं होतं. देवळामागच्या चिंचेच्या बनात, ओढ्याच्या अंगाला, पहाटेपासून गाड्या येऊन लागत होत्या, आणि तिकडं कुणी जाऊ नये म्हणून आण्णांनी दोन रिटायर फौजी उभे केले होते. ते फौजी काय ऐकतात! प्रत्यक्ष भैरोबा आला असता तरी त्यांनी त्याला ओळखपत्र मागितलं असतं.

आकाराम आण्णा पायरीवर चढले. हातात कागद. घसा अजून बसलेलाच. त्यांनी पहिलं नाव घेतलं.

"पृथ्वीराज, मुक्काम कानपूर!"

आण्णांची बायको पदर तोंडाला लावून बसली होती. आणि देवळामागनं आवाज आला, असा की बापाचंच पोर ते, "आलो, देवा!"

बायका ताडकन उठून उभ्या राहिल्या. चिंचेच्या बनातून पृथ्वीराज पळत आला, कपाळाला गुलाल, पायात चप्पल नाही. आण्णांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर पुढचं नाव वाचता आलं नसतं. सेलम, आलो देवा! जोधपूर, आलो देवा! एकेक नाव, एकेक हाळी, आणि दर हाळीला कुठली तरी एक आई हसत रडत गर्दीत घुसत होती. राहीबाई राजेश्वरीचं मनगट आवळून उभी होती.

"वीरधवल, मुक्काम गुंटूर!"

"आलो, देवा!"

वीरधवल येऊन राहीबाईच्या पायाशी वाकला, तशी तिनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून रडू लागली. रडता रडता तिची नजर लेकीकडं वळली.

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आन् आठ दिस माझ्या ताटाम्होरं बसून गप जेवलीस? दगडाची हायस का काय गं तू?"

"धोंडाच हुती, आई," राजेश्वरी म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना. दोघी एकमेकींच्या पदराला डोळे पुसत बसल्या. वीरधवल मधे उभा, कुणाची समजूत आधी घालावी ते त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

पालखी हलली, आणि अडीचच्या सुमाराला वीरधवलचा फोन वाजला. गुंटूरहून मधु. मधु हा त्याच्या भट्टीवरचा पन्नाशीचा कारागीर, तिकडं दुकानात बसवलेला. ढोलांच्या आवाजात वीरधवलनं फोन स्पीकरवर टाकला.

"मालक, मघाशी दोघंजण आले होते. अनोळखी. एक अंगठी दाखवली, पण काम करायचं नव्हतं त्यांना. सारखे आत बघत होते. विचारलं, शेठ गावाला नाही गेले का? आज तर जत्रा असते ना तुमची?"

"मग?"

"मी म्हटलं, यंदा नाही गेले. आत जेवतायत, बोलवू का? तर अंगठी तशीच घेऊन गेले. मोटरसायकलचा नंबर लिहून ठेवलाय. पोलिसांनाही कळवलंय."

वीरधवलनं फोन खिशात टाकला. त्यानं बहिणीच्या डोक्यावरचा गुलाल उगाच झटकला. "आक्का," एवढंच म्हणाला. तिलाही तेवढंच पुरे होतं. लोकांचं सोनं जागच्या जागी होतं आणि भावाचं नाव पायरीवरनं निघालं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा आण्णा तिच्याजवळ आले. आवाज जवळपास गेलेला. "राजे, फुडल्या वरसाची यादी कशी करायची?"

"आत्ताच ठरवून ठिवलंय. साइटवर व्हिडिओ, फोटो, काय पायजे ते टाका. येणाऱ्यानं आपलं नाव बंद पाकिटात टाकल्यागत टाकायचं. पाकीट उघडणार पुकाऱ्याच्या सकाळी, तुमच्या आन् गुरवाच्या, दोघांच्या किल्लीनं. एकट्याच्या न्हाई."

"आन् तुला तरी दिसंल न्हवं आधी? कोण येणार, कोण न्हाई?"

"मला बी न्हाई दिसणार. तसंच बांधणार हाय मी."

आण्णांनी तिच्याकडं संशयानं बघितलं. ही पोरगी आणि झाकलेलं उघडून बघणार नाही? त्यांनी तिला पाळण्यात असल्यापासून बघितलेलं होतं.

गुरवानं गाभाऱ्याचं दार उघडलं आणि बुट्टी बाहेर आणली. वर घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. परतीचीही रोज एक बुट्टी जाते, पुनवेपर्यंत. हरणाबाई उठायला गेली आणि गुडघा धरून परत बसली.

"आज काय न्हाई उठत गं ह्यो गुडघा," ती म्हणाली. "राजे, तू घेती का? थोरल्या घरापत्तोर. मी येती हळूहळू मागनं."

गुरवानं आण्णांकडं बघितलं, आण्णांनी मान हलवली. राजेश्वरीनं पदराची चुंबळ केली आणि बुट्टी डोक्यावर घेतली. वजन चांगलं होतं. तळाला धोंडा होता का आणखी काही, कोण जाणे. गाठ तिच्या बोटांपासून चार अंगुळांवर होती, आणि यात्रेची गर्दी मागं पडल्यावर गावाकडच्या पायवाटेवर बघायला चिटपाखरू नव्हतं. ती नेहमीच्या चालीनं चालत राहिली.

अर्ध्या वाटेवर राहीबाईनं तिला गाठलं. वीरधवलचा हात धरून ती चालत होती, आणि आठ दिवसांचा सगळा अबोला आता एकदम बाहेर पडत होता. बोलता बोलता तिनं बुट्टीकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"काय हाय गं त्यात?"

"मला काय ठाऊक," राजेश्वरी म्हणाली.